कच्च्या अंड्यांचा देश

“उकडलंय! हे उकडलंय! उकडलेलं अंडं घेऊन ही बाई माझ्या देशाच्या टेबलापाशी आलीये!”

शारजातल्या एका शाळेचं मैदान, एप्रिलमधला शुक्रवार, सकाळची वेळ. कॅनडाहून आलेली एक सहा फुटी बाई लालसर तपकिरी रंगाचं एक अंडं हातात उंच धरून असं काही ओरडत होती की शेजारच्या जपानच्या टेबलावरचे कागदी पक्षी खरोखरचे उडाले. त्यातले दोन अजमानच्या दिशेने गेले ते परत आले नाहीत. ओरडणं अर्थात इंग्रजीत होतं. मी ते मराठीत सांगतोय, तेव्हा निम्मा तोरा वाटेतच गळून गेला असं समजा.

जिच्यावर हा तोफखाना चालू होता ती आमची शेजारीण. आमच्या वरच्या मजल्यावर कोल्हापूरचा एक इंजिनियर राहायचा. तो ऐंशीच्या दशकात स्कॉलरशिपवर खारकीवला शिकायला गेला आणि येताना डिग्री आणि बायको अशा दोन्ही गोष्टी घेऊन आला. डिग्री पुढे फारशी कामी आली नाही. बायको मात्र अस्सल निघाली. लग्नानंतर चार वर्षं तिने कोल्हापुरात सासूच्या हाताखाली काढली होती, त्यामुळे केस गव्हाच्या काडीसारखे, डोळे निळे, आणि तोंड उघडलं की थेट रंकाळा: “काय ओ भावजी, जेवलासा काय?” मी तेव्हा हमरिया फ्री झोनमधल्या एका ॲल्युमिनियमच्या कंपनीत परचेसला होतो. दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि ‘यल्ला हबीबी’ची खिचडी खाऊन घरी आलो की जिन्यात या युक्रेनच्या वहिनींचं मराठी ऐकून मला माणसांत आल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी शाळेचा इंटरनॅशनल डे होता. आखातातल्या शाळांना हे एक व्यसनच. वर्षातून एकदा प्रत्येक देशाला एक टेबल, एक झेंडा आणि एक पाटी द्यायची, मागे आयांनी नटूनथटून उभं राहायचं आणि खाऊ वाटायचा. तेवढ्याने जगात शांतता नांदते अशी प्रिन्सिपॉलची समजूत होती. आजवर युक्रेनची पाटी कधी लागली नव्हती. वहिनींच्या मुलीने वर्गात सांगितलं की माझी आई युक्रेनची, तर पोरं म्हणाली, असा देशच नाही, तुझी आई रशियन. पोरगी घरी येऊन रडली. म्हणून यंदा युक्रेनची पाटी लागणार असं कळल्यावर वहिनींनी एकच गोष्ट मनात धरली: त्या पाटीमागे आपण उभं राहायचं आणि लेकीच्या वर्गाने ते बघायचं. बस. त्यांना दुसरं काहीही नको होतं.

त्यासाठी महिनाभर आमची सगळी बिल्डिंग कामाला लागली होती. त्यांच्याकडे ईस्टरला अंडी कांद्याच्या सालांत उकडतात. साल जितकी जास्त तितका रंग गडद. आता शारजात मराठी बिऱ्हाडांच्या बिल्डिंगीत कांद्याच्या सालांना काय तोटा! आमच्या घरी पिशवी, समोरच्यांकडे पिशवी, तळमजल्यावर रत्नागिरीचे एक भाई राहायचे त्यांच्याकडे तर पोतं. आमची ही कुरकुरायची, “दोन दिरहम किलोचा कांदा, म्हणजे पंचवीस रुपये, आणि सालं दुसऱ्याची!” पण पिशवी तिनेच भरली. त्या सालांतून अंडी निघाली ती अशी की सोनाराने वजन करायला मागावीत. जुन्या सागवानाचा रंग आणि वर तेलाचा हात.

आणि ती घेऊन गेलो तर हे स्वागत.

कॅनडाच्या बाईविषयी जरा सांगितलं पाहिजे, कारण तिने स्वतःविषयी सगळ्या एमिरेट्सना सांगून ठेवलं होतं. तिचा जन्म कॅनडातला. आईचाही तिथलाच. आजी-आजोबा बोटीत बसून गेले तेव्हा युरोपात अजून सम्राट होते. बाई स्वतः युक्रेनला गेली होती एकदाच, आठ दिवस, एसी बसमधून. तिथे एका बेकरीवालीने तिला रशियनमध्ये ‘काय हवंय’ म्हणून विचारलं तर हिने त्या बिचारीला तिथेच, तिच्याच दुकानात, तिच्याच देशात, देशप्रेमावर पाऊण तास सुनावलं. हे ती स्वतः अभिमानाने सांगायची. आता युक्रेनचं टेबल तिच्या ताब्यात होतं. कॅनडाचं टेबल तिचा नवरा सांभाळत होता, मेपलच्या शिरपाची बाटली धरून. युक्रेनच्या टेबलामागे कोण उभं राहील हे ठरवायला एक कमिटी नेमली होती. कमिटीत कोण कोण आहे म्हणून मी विचारलं, तर ती आणि तिचा नवरा. नवरा मूळचा स्कॉटिश.

तिच्या टेबलावरही अंडीच होती. पण ती म्हणजे, अहाहा! मेणाने बारीक नक्षी काढून, रंगावर रंग चढवून केलेली, त्यांना पिसांका म्हणतात. नक्षी खोटं कशाला बोलू, डोळे दिपवणारी होती. तिने ती आडव्या आरशावर मांडली होती, खालची नक्षीही दिसावी म्हणून, आणि वरून चमकदार वॉर्निश.

“खरी पिसांका कच्च्या अंड्याचीच असते,” ती पोरांना समजावत होती. “आत जीव असतो. उकडलं की मेलं. माझ्या आजीने कच्चंच रंगवलं, मीही कच्चंच रंगवते.”

तिची आजी रंगवायची तिथे वर्षातले आठ महिने बर्फ. बाईने आजीकडून सगळं घेतलं होतं, फक्त थर्मामीटर विसरली होती.

तर तिने आमचं अंडं टेबलावर आपटलं. ते फुटलं नाही, नुसती चीर गेली.

“हे स्वयंपाकघरातलं अंडं आहे,” ती म्हणाली. “हे खायचं असतं. प्रदर्शनात मांडायचं नसतं.”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “आम्ही खातो. पोरंही खातील.”

“तुम्ही कुठल्या?”

“खारकीव.”

“म्हणजे रशियन बोलणाऱ्या.”

“घरी रशियन. आजीकडे युक्रेनियन.”

“आणि देश सोडलात कधी?”

वहिनींनी साल सांगितलं. बाईने असे हात पसरले की जणू चोर मुद्देमालासकट सापडला.

“मग तुम्ही युक्रेन सोडलाच नाहीत! तुम्ही सोव्हिएत युनियन सोडलात! तेव्हा युक्रेन नावाचा देश होता कुठे?”

हे मात्र खरंच होतं. वहिनी इथे आल्या तेव्हा त्यांच्या पासपोर्टवर एक देश होता, आणि एके दिवशी कांदा परतून होईपर्यंत तो देश उरलाच नव्हता. रेडिओवर बातमी ऐकून त्यांनी गॅस बारीक केला होता, असं त्या सांगायच्या.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “मॅडम, तुमच्या आजोबांनी सोडला तेव्हा होता का?”

“ते तो मनात घेऊन गेले.”

“असणार,” मी म्हटलं. “बोटीत सामानाला वजनाची अट नसते.”

बाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या शर्टाची इस्त्री मोडली. तेवढ्यात वहिनी तिच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. मऊ आवाजात, तीन-चार वाक्यं. बाईने कान टवकारले, आणि मग परीक्षक नाक मुरडतात तसं नाक मुरडलं.

“यातले अर्धे शब्द रशियन आहेत. ही भाषा बिघडलेली आहे.”

“माझी आजी अशीच बोलायची,” वहिनी इंग्रजीत म्हणाल्या. “तिला जाऊन सांगा. पोल्टावाजवळ पुरलीय.”

लेक आईचा हात ओढत होती. “आई, लेट्स जस्ट गो टू द इंडिया टेबल. दे हॅव समोसा.”

वहिनींनी टोपली उचलली. आम्ही इंडियाच्या टेबलाकडे निघालो. आता नाकाने कांदे सोलणारी ती एकच बाई होती असं समजू नका. आमच्याकडे तर त्यांचा घाऊक व्यापार. इंडियाचं टेबल आमच्या मराठी मंडळाकडे होतं आणि टेबलामागे फेटा बांधून साक्षात अध्यक्ष. हे गृहस्थ पुण्याचे. मराठी कोण आणि कोण नाही हे त्यांना वासावरून कळायचं. सालं देणारे तळमजल्यावरचे भाई आम्हा सगळ्यांपेक्षा सरस मराठी बोलायचे, पण मंडळाच्या स्मरणिकेला त्यांची जाहिरात चालायची आणि स्टेजवर त्यांचं गाणं चालायचं नाही. “त्यांचं कोकणी वळण वेगळं आहे हो,” असं अध्यक्ष म्हणायचे. स्वतःच्या पोराला मराठीत ‘पाणी दे’ म्हटलं तर तो ‘व्हॉट?’ म्हणायचा, ते वळण चालत होतं.

“या, या वहिनी!” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही काय, आमच्याच.”

“मग ही टोपली इथं ठेवते.”

“तसं नाही. म्हणजे... अंडी आहेत ना? आपल्या टेबलावर नॉनव्हेज नको.”

हा माणूस रोज सकाळी माझ्यासमोर कॅफेटेरियात डबल ऑम्लेट पराठ्यात गुंडाळून खायचा आणि बोटं चाटायचा.

“बरं, टोपली खाली ठेवते. मी आणि पोरगी उभ्या राहतो.”

अध्यक्षांनी फेटा सावरला. “उभं राहायला काय हो! पण फोटो निघणार. लोक विचारतील, ही गोरी बाई कोण? उगाच प्रत्येकाला खुलासा देत बसायचं.”

“मी देते खुलासा. मला मराठी येतं.”

“तेच तर. त्याने लोक आणखी गोंधळतात.”

एरवी वहिनींनी अध्यक्षांना असं कोल्हापुरी ऐकवलं असतं की त्यांचा फेटा आपोआप सुटला असता. पण लेकीचा वर्ग रांगेने येत होता. त्यांनी युक्रेन आणि इंडिया यांच्या मधोमध पाण्याच्या बाटल्यांचा एक कूलर होता त्यावर टोपली ठेवली, शेजारी एका वाटीत मीठ ठेवलं, आणि दोघी मायलेकी तिथे उभ्या राहिल्या. पाटी नाही, झेंडा नाही. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “व्हिच कंट्री इज धिस?” तर लेक बुटांकडे बघायला लागली. वहिनी एक एक अंडं सोलून पोरांच्या हातात देत राहिल्या. त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली होती. ऊन असेल असं मी स्वतःला सांगितलं.

ऊन होतंच. शामियान्याची सावली आता सरकून युक्रेनच्या टेबलावरून गेली होती. खाली आरसा, वरून शारजाचा सूर्य, मध्ये वॉर्निश लावून हवाबंद केलेली, कित्येक आठवडे कपाटात ठेवलेली कच्ची अंडी, आणि त्यांत तो जीव.

पहिलं फुटलं तेव्हा लोकांना फुगा वाटला. दुसरं फुटलं आणि मग त्यांनी लाज सोडली. धडाधड! आमच्या घरी विचाराल तर ही म्हणेल तीनच फुटली, पण ती तेव्हा समोशाच्या रांगेत होती, तिची साक्ष धरू नका. मी सांगतो, पोर्टातल्या जहाजांनी उत्तरादाखल भोंगे वाजवले. आणि वास! मेलेल्या माशाने कुजक्या कोबीशी लग्न लावावं आणि वरात आपल्या नाकातून जावी, तसा वास. पाकिस्तानचं टेबल आणि इंडियाचं टेबल इतिहासात प्रथमच एका दिशेने पळाली. अध्यक्षांनी फेटा सोडून नाकाला गुंडाळला आणि पार्किंग गाठलं. स्कॉटिश नवरा शिरपाच्या बाटलीमागून लांबूनच ‘डार्लिंग, आर यू ऑल राइट?’ म्हणत राहिला. कमिटीचा दुसरा सदस्य तो.

बाई एकटी उभी होती. भरतकामाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर हिरवट पिवळी रांगोळी, भुवईवर नक्षीदार टरफलाचा तुकडा. ओरडत नव्हती.

मी नाक दाबून मनसोक्त बघत होतो. माझ्या आयुष्यात न्याय इतक्या वेळेवर कधीच आलेला नाही, आणि आला तेव्हा त्याला असा वास येईल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात वहिनी निघाल्या. पदर नव्हता, ड्रेसची बाही नाकाशी धरली, कूलरमधली बाटली आणि टिश्यूचा डबा घेतला आणि सरळ त्या टेबलाकडे चालू लागल्या. लेक मागून, “आई, नो! इट्स डिस्गस्टिंग!”

त्यांनी बाईच्या भुवईवरचं टरफल काढलं. मग टेबल पुसायला घेतलं, युक्रेनच्या पाटीमागे उभ्या राहून. मैदान रिकामं झालं होतं. ते बघायला वर्गातलं कुणीही उरलं नव्हतं, आपली एक लेक सोडून.

बाईला जरा दम आला. आणि काय सांगू, अंगावर सडकं अंडं, पायाशी आजीची परंपरा वितळून पडलेली, तरी तिचा दाखले वाटायचा हात काही थांबेना. तिने वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणाली, “तुम्ही पुढच्या वर्षी आमच्याबरोबर उभ्या राहा. तुम्ही खऱ्या युक्रेनियन आहात असं मी कमिटीला सांगेन.”

वहिनींनी मान वर केली नाही.

“ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फडकं ओलं करून आणा. हे सुकलं की निघत नाही.”