‘वाईट नाही’ म्हणणाऱ्यांच्या मुलखात

पर्थ सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा होता, पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली होती आणि जिवाला एकच घोर लागला होता: या डॅरिल नावाच्या गृहस्थांना माझा मुलगा पसंत पडला आहे की नाही?

खरं तर मी आले होते दोन महिन्यांसाठी. केदारचं घर बघायचं, समुद्र बघायचा आणि पुण्यात आंबे यायच्या आत परतायचं, असा बेत. मी इथे उतरले आणि जगाने दारं लावून घेतली. विमानं बंद. पुण्यात आमचे हे रोज फोनवर विचारून वरणभात शिकत होते आणि इथल्या राज्याने तर शेजारच्या राज्यांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं. त्याच दिवसांत केदारने जेसला घरी आणलं, ‘आई, ही जेस,’ एवढं म्हणाला आणि चहा करायच्या निमित्ताने आत पळाला. मला ती पोरगी आल्या क्षणी आवडली. तिला आई नव्हती. वडील डॅरिल कालगुर्लीला एकटे राहत. सोन्याच्या खाणीत डंपर चालवून निवृत्त झालेले. दोन्ही घरांनी मनापासून हो म्हटलं तरच लग्न करायचं, असं या दोघांनी ठरवलं होतं. राज्याच्या आतला प्रवास खुला झाला तशी आम्ही गाडी काढली. मला परत नेणाऱ्या खास विमानाचा निरोप कधीही येणार होता, त्यामुळे ही भेट आता झाली तर झाली.

मी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आजही ‘अ’ आणि ‘द’ योग्य जागी घालतात. पण या देशात माझं इंग्रजी म्हणजे लग्नात घालायची पैठणी होती आणि लोक इथे चड्डी-बनियनवर फिरत होते. ते शब्द अर्धा खातात आणि उरलेल्याला ‘ओ’ लावून परत देतात. आर्वो (दुपार), सर्वो (पेट्रोलपंप), स्मोको (कामातली चहाची सुट्टी).

“एवढा अवाढव्य देश,” मी गाडीत म्हटलं, “जागेला तोटा नाही, मग शब्दांतच काटकसर कशाला?”

“तोंड जास्त वेळ उघडं ठेवलं तर माश्या जातात, आई,” जेस अगदी गंभीरपणे म्हणाली. ती मला ‘आई’ म्हणायची. ‘आ’ जरा लांबायचा, पण चालायचं.

वाटेत एका सर्वोवर थांबलो. आत जमिनीवर अंतर राखायचे गोल चिकटवले होते. काउंटरवरच्या बाईंनी हसून विचारलं, “हाऊ या गोइंग, डार्ल?” (कशी आहेस, बाळा?) इतक्या महिन्यांत परक्या माणसाने केलेली ही पहिली चौकशी. मला भरून आलं. मी गुडघ्यापासून सुरुवात केली. मग बंद विमानं, आमच्या ह्यांचं वरण, केदारचं लग्न. मागे प्रत्येक गोलावर एकेक ट्रकवाला येऊन उभा राहिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नो ड्रामाज.” (काही बिघडत नाही.)

“आई, तिला फक्त ‘गुड’ म्हणायचं असतं ग,” बाहेर आल्यावर केदार कपाळावर हात मारून म्हणाला.

“मग विचारतात कशाला?” मी म्हटलं. जेस हसून हसून गाडीच्या बॉनेटवर पालथी पडली.

पुढचा रस्ता सरळसोट. कडेने सतत एक जाडजूड पाण्याचा नळ सोबत करत होता. कालगुर्लीला पाणी किनाऱ्याकडूनच जातं. गव्हाची शेतं संपली, माती तांबडी झाली आणि गुळगुळीत तांबूस खोडांची उंच झाडं सुरू झाली. एक कांगारू रस्त्यात येऊन आमच्याकडे बघत उभं राहिलं आणि आपल्या मर्जीने गेलं. मी ‘अप्रतिम! अप्रतिम!’ म्हणत होते. आमच्या घरात साध्या कढीलाही अप्रतिम म्हणायची पद्धत आहे. खाली उतरलं तर करणारीला राग येतो.

डॅरिल फाटकातच उभे होते. उंच, उन्हाने रापलेले, शर्टाला नुकतीच इस्त्री केलेली. हात मिळवायची सोय नव्हती, म्हणून आम्ही कोपराला कोपर लावलं. केदारला बघून ते म्हणाले, “केडो.”

केडो! माझ्या वन्संनी बारशाला पाळण्याशी वाकून, कानात कुर्र करून जे नाव सांगितलं, त्याचं या गृहस्थांनी केडो केलं होतं. मी गिळलं.

“कपा?” त्यांनी विचारलं. (चहा घेणार का?) मला चहा हवाच होता, पण आपली रीत आहे. मी म्हटलं, “नको नको, कशाला उगाच?” इंग्रजीत, अर्थात. ते म्हणाले, “नो वरीज,” (हरकत नाही,) आणि स्वतःपुरता चहा करून प्यायले. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी बराच वेळ कपाकडेच बघत होते.

जेवणाचं तेच. मी शाकाहारी म्हणून त्यांनी मुद्दाम भोपळा, बटाटे, गाजरं ओव्हनमध्ये भाजली होती, फ्लॉवरवर चीज घातलं होतं. वास असा सुटला होता की विचारू नका. त्यांनी ताट पुढे केलं. मी थोडंसं घेतलं. “आणखी?” “छे, छे, पोट भरलं.” “नो वरीज.” आणि ताट उचलून फ्रिजमध्ये! आपल्याकडे पाहुण्याने ‘पुरे’ म्हटलं की खरं वाढणं सुरू होतं. इथे ‘पुरे’ म्हणजे पुरे. मी न्हाणीघरात जाऊन भेटीच्याच डब्यातले दोन लाडू उभ्याने खाल्ले आणि उरलेले पसरून खड्डा बुजवला.

संध्याकाळी मी सरळ विषयाला हात घातला. “मिस्टर डॅरिल, माझा मुलगा तुम्हाला कसा वाटतो?”

त्यांनी अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, “नॉट अ बॅड ब्लोक.” (माणूस वाईट नाही.)

एवढंच! माझा केदार! शिष्यवृत्तीवर शिकलेला, आईला रोज फोन करणारा, स्वतःच्या हाताने कुकर लावणारा. ‘वाईट नाही’! असं आपण भाड्याच्या खोलीबद्दल म्हणतो. मी खोलीत गेले आणि मला खरोखर रडू आलं.

सकाळी जेस चहा घेऊन आली. न विचारता, देव तिचं भलं करो. तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, “आई, तुम्हाला आमचं घर आवडलं नाही का? डॅड म्हणतात, तुम्ही प्रत्येक गोष्टीला नको म्हणालात. चहा, जेवण, त्यांनी स्वतःची खोली दिली तर तीही. त्यांना वाटतंय, लग्नालाही तुमचं नकोच आहे.”

मी थक्क झाले. “मी नको म्हणते? ते म्हणतात माझा मुलगा जेमतेम आहे!”

बाहेर डॅरिल गाडीचा हॉर्न वाजवत होते. मला खाण दाखवायला न्यायचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. जेस म्हणाली, “तुम्ही दोघेच जा.”

गावाच्या कडेला एक कठडा आहे, तिथे गाडी थांबली. मी कठड्याशी गेले. जमीन संपली होती. समोर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेलं तांबडं, करडं, पिवळं विवर. आख्खा डोंगर उलटा करून पुरावा एवढं. तळाशी मुंग्यांएवढे डंपर चालले होते, आणि त्यातल्या एकेकाचं चाक माणसाहून उंच असतं म्हणे. या माणसाने सगळं आयुष्य या कड्यांवरून दगड वर आणण्यात घालवलं होतं. “मिस्टर डॅरिल,” मी ओरडलेच, “हे अद्भुत आहे! प्रचंड आहे!”

ते कठड्यावर रेलले. डोळ्यांत उघड उघड अभिमान होता. म्हणाले, “याह. बिट ऑफ अ होल.” (हं. जरासा खड्डा आहे.)

मी त्यांच्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला जो माणूस जरासा खड्डा म्हणतो, त्याच्या तोंडी ‘वाईट नाही’ म्हणजे काय असेल! मला इतकं हसू फुटलं की कठडा धरावा लागला. आनंदाने अक्षरशः गरगरायला झालं. डॅरिल घाबरून पाण्याची बाटली शोधू लागले.

“मिस्टर डॅरिल,” मी डोळे पुसत म्हटलं, “आमच्याकडे हो म्हणायच्या आधी तीनदा नको म्हणायचं असतं. पहिल्यांदा हो म्हणणारा हावरट. यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने लाजायचं, आणि मग दोघांनी पोटभर जेवायचं.”

ते खाली डंपरकडे बघत होते. मग एकदम वळले. “ब्लडी हेल,” म्हणाले. (अरे देवा.) “म्हणजे तुम्ही कालपासून उपाशी आहात!”

“दोन लाडू खाल्लेत. तुमच्यासाठी आणलेले.”

तो रापलेला चेहरा हळूहळू फुटत गेला आणि ते असे गडगडून हसले की शेजारी खाण बघत उभ्या असलेल्या कुटुंबाने अंतर राखायच्या नियमापेक्षाही लांब सरकून घेतलं. मी त्यांना विचारलं, लग्न? ते म्हणाले, “शी’ल बी राइट.” (सगळं नीट होईल.) एवढ्या मोठ्या खड्ड्याशेजारी आमची सोयरीक ठरली.

घरी आल्यावर मात्र कहर झाला. ताट पुढे येताच मी त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी “हो!” म्हटलं. पण डॅरिलनी नवी विद्या शिकून घेतली होती. “गो ऑन. थोडं आणखी. गो ऑन.” भोपळा संपला, बटाटे संपले, वर मलईचा केक आला. मी कळवळून नको म्हटलं तर ते बोट नाचवत म्हणाले, “हे पहिलं नको. अजून दोन बाकी आहेत.” केदार टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मग लाडवांचा डबा उघडला. डॅरिलनी एक खाल्ला, “नॉट बॅड,” म्हणाले आणि बोलता बोलता डबा रिकामा केला. इतकी दाद मला पुण्यात कधी मिळाली नव्हती. निघताना त्यांनी गाडीच्या खिडकीत वाकून म्हटलं, “सी या, शोबो.” माझं नाव शोभा आहे. यावेळी मी गिळलं नाही, मिरवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विमानाचा निरोप आला आणि मला निघावं लागलं. विलगीकरणाचे दिवस हॉटेलच्या खोलीत काढून घरी पोचले, ह्यांनी केलेलं वरण खाल्लं आणि म्हटलं, “वाईट नाही.” ते दोन दिवस रुसले होते.

लग्न डॅरिलच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली झालं. आम्ही पुण्यात टीव्हीच्या पडद्यासमोर, रेशमी वस्त्रं नेसून, तोंडाला मास्क लावून बसलो होतो. पडद्यात हात घालता येत नाही याचं फार वाईट वाटत होतं. अक्षता आम्ही टीव्हीवरच टाकल्या. मग डॅरिल भाषणाला उभे राहिले. कोट घातला होता. पेला हातात धरून ते इतका वेळ गप्प राहिले की ह्यांना वाटलं नेट गेलं. मग त्यांनी घसा खाकरला, म्हणाले, “वेल. केडो. नॉट अ बॅड ब्लोक,” आणि खाली बसून रुमाल काढला.

वन्संनी मास्क हनुवटीवर ओढला.

“वहिनी, झालं भाषण? एवढंच? आपल्या केदारबद्दल दुसरा शब्द नाही सापडला त्यांना?”

माझा पदर डोळ्यांपासून हलत नव्हता.

“वन्सं,” मी म्हटलं, “आणखी किती कौतुक करायचं हो माणसाने?”