सोन्याचा झेंडा

बुलडाण्याहून सुटलेल्या एसटीत शेजारच्या चाचांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझ्या मोबाइलची काच पुसली आणि विचारलं, "काय पाहून हासून राह्यले, सर?"

शाळेत पोरांचे मोबाइल जप्त करणाऱ्या मी छाती फुगवून सांगितलं, की ऑनलाइन गेममध्ये माझ्या टोळीचा पहिला नंबर आलाय, बक्षीस म्हणून सोन्याचा झेंडा मिळालाय.

"कुठचे हायेत तुमचे गडी?"

"माहीत नाही. नावंसुद्धा खोटीच असतात."

"मंग जिंकल्यावर मिठी कोणाले मारता?"

मी पडद्यावरची नावं पुन्हा एकदा वाचली. धाड गावाला उतरताना चाचांनी माझ्या पाठीवर दणदणीत थाप दिली. "पयला नंबर म्हंजे पयलाच."

झेंडा मोबाइलमध्ये फडकत राहिला. मी मात्र घर येईपर्यंत पाठ सीटला टेकवली नाही.