जर्शी वळू आन माझे धुतलेले पाय

मला लोक इचारतात, तू यवढा बोलतोस, मंग गप कव्हा बसतोस? मी गप बसतो ते फक्त उन्हाळ्यात, दुपारचे बारा वाजले की. चार वाजेस्तोर माझ्या तोंडातून शब्द निघत न्हाई. घरचे म्हनतात, बरं हाय, तेवढीच आमाला झोप.

त्याचं कारन एक वळू हाय.

ते दुस्काळाचं साल व्हतं. आमच्या गावात दूध सोसायटी व्हती, पर दूध नव्हतं. निम्मी जनावरं लोकांनी बाजारात नेऊन सोडली, निम्मी छावनीत. राहिलेल्या गायी म्हंजी खुंट्यावर कातडं वाळू घातल्यावानी. आमचे चेरमन लई चिवट मानूस. जिल्ह्याला चकरा मारमारून त्यांनी एक जर्शी वळू मंजूर करून घेतला. म्हनले, पाऊस पडू न पडू, ह्याची वासरं झाली तर सोसायटी जगंल. न्हाई झाली तर कुलूप. आन वळू एकच मिळनार, पुन्यांदा मागायचा न्हाई, आसं वरून ठनकावून सांगितलेलं.

तो आनायला मला धाडलं. कावून, तर गावात बिनकामाचा मीच येक व्हतो.

चेरमन म्हनले, "हे बग, बैल आन. किस्सा आनू नको."

मी म्हनलं, "बापू, मी काय लहान हाय का?"

"लहान आसतास तर बरं झालं आसतं. संगं तुझी माय तरी धाडली आसती."

वळू बाकी बगन्यासारखा व्हता. तांबूस, डोळे काजळ घातल्यावानी, आन अंगावर हात फिरवला तर मखमल. टेम्पोत घातला, निघालो, आन मांजरसुंब्याला टेम्पो बंद पडला. डायवर बीडचा, म्हातारा मानूस, मी त्याला चाचा म्हनायचो. त्यानं बानेट उघडलं, आत बगितलं, परत लावलं. पट्टा तुटलाय, बीडहून आनाया लागंल, चार तरी वाजतील, म्हनला. मंग ढाब्याच्या सावलीला बाज वढली.

"बैठ जा भाऊ. चाय पी. ये जानवर थंडे मुल्क का है, इसको धूप में मत निकाल."

मी बसनारा मानूस न्हाई. गाडीरस्त्यानं आमचं गाव लांब, पर माळावरून निस्तं तीन कोस. आन खरं सांगतो, मनात येगळंच व्हतं. त्या दिवशी समदं गाव वेशीत उभं राहनार व्हतं, हलगी लावून. बाया आरती घेऊन. टेम्पोतून उतरलो आसतो तर समद्यांनी वळूकडं बगितलं आसतं, माझ्याकडं कुनीच न्हाई. पर डोंगरावरून कासरा धरून, मागं हत्तीवानी वळू घेऊन उतरलो, तर? आमच्या खानदानात कुनाला हलगी वाजली न्हाई. लग्नातबी उधारीवर बोलावलेला वाजंत्रीवाला आलाच नव्हता.

"चाचा," म्हनलं, "मी ह्या उन्हातच जलमलोय."

चाचा म्हनला, "तू जन्मा है. ये नहीं जन्मा."

मी हसलो आन निघालो.

पानी संगं घेतलं न्हाई. माळावर मदीच एक बाभळ हाय, तिच्या बुडाला एका धनगराच्या म्हातारीनं पान्याचा मातीचा डेरा पुरलेला आसतो. गळ्यापतूर मातीत, वर झाकन, झाकनावर दगड. जानाऱ्या-येनाऱ्यानं प्यायचं, झाकायचं आन मागच्याला ठिवायचं. म्हातारी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर पानी आनून तो भरती. हे मला ठावं व्हतं. म्हून म्हनलं, वझं कशाला.

अकराच्या सुमाराला डेरा आला. दगड काढला, झाकन काढलं, आत काळंशार गार पानी. प्यालो. तोंड धुतलं. डोक्यावर वतलं. वळू डेऱ्याकडं मान तानायला लागला, नाक फेंदारून. मी म्हनलं, थांब गड्या. तापल्या जनावराला पानी पाजू न्हाई, आसं आमच्यात म्हनत्यात. मला जनावरातलं तेवढं एकच कळायचं, आन ते मी नेमकं पाळलं. मंग उरलेल्या पान्यानं पाय धुतले. गावात जायचं तर पाय कसे सोच्छ पायजेत. वळू ते पानी मातीत जिरताना बगत व्हता. झाकन लावलं, दगड ठिवला, दगडावर बिडी इझवली आन निघालो.

तिथून पुढं वाट वळखायच्या खुनेचा लिंब लागतो, तिथून डाव्या हाताला उतार. लिंबच दिसंना. त्या साली लोकांनी शेळ्यांसाठी माळावरचं झाड न झाड वरबाडलेलं. समदी सारखीच, हात तोडलेली मानसं उभी केल्यावानी. मी एकाला लिंब म्हनलं, डावीकडं वळलो. उतार काय आला न्हाई. मंग दुसऱ्याला लिंब म्हनलं.

बारा वाजले तशी माझी सावली पायाखाली गेली. तव्हा ध्यानात आलं, माळावर आवाजच न्हाई. पाखरू न्हाई, किडा न्हाई, वारा न्हाई. माझ्या चपलेचा आवाजबी येत नव्हता, जसं कुनी दुसरंच चालायलंय आन मी बगायलोय. लांबवर भुई हालत व्हती. आन मंग मला गार वाटाया लागलं. घाम आटला, अंगावर काटा आला. मी वळूला म्हनलं, "बग, चाचा उगं भेवडावत व्हता. हवा तर थंड सुटलीय."

हवा कुठली सुटती. माझा घाम सरला व्हता.

थोड्या येळानं समोर बाभळ दिसली, खाली दगड. लई आनंद झाला. म्हनलं, म्हातारीनं दोन डेरे पुरलेत! पळत गेलो. दगडावर माझीच इझवलेली बिडी व्हती.

झाकन काढून बगितलं. तळाला वलबी न्हाई.

मी बाभळीला टेकून बसलो. ती सावली न्हाई, निस्त्या काट्यांची जाळी. वळू माझ्या मागं बसला, धप्प करून. मला भ्या वाटलं, आन भ्या वाटलं की मी बोलतो, ही माझी जुनी खोड. मोठ्यानं म्हनलं, "आमच्या सोसायटीला औंदा पैल्यांदा खरं दूध आलं. कावून? तर दुधात घालायला पानीच न्हाई."

मागून कुनीतरी हसलं.

हा, हा, हा, हा. बारीक, घशातून.

आमच्याकडं सांगत्यात, भर दुपारी माळावर मागून आवाज आला तर वळून बगू न्हाई, चकवा आसतो, मानसाला फिरवून फिरवून मारतो. मी वळलो न्हाई. पर खरं सांगू का, भ्याच्या आधी मला बरं वाटलं. गावात माझ्या ह्या किश्श्याला कुनी हसलं नव्हतं. मी दुसरा सांगितला, माझ्या लग्नातला, वाजंत्रीवाल्याचा. हसू वाढलं. तिसऱ्याला तर थांबंच ना. आसं ऐकनारं मला जल्मात भेटलं नव्हतं. उठून उतार हुडकायचं सोडून मी तिथंच मांडी घालून बसलो आन एकावर एक सांगत राहिलो. जीभ टाळूला चिकटायची, वढून काढायचो, पुढचा सांगायचो. किती येळ, देव जानं. मंग हसू मंदावलं. मला राग आला. म्हनलं, आता कावून हसंना? सगळ्यात भारी किस्सा तर राहिलाय!

"कुनाशी बोलायलास रं?"

समोर म्हातारी. डोक्यावर घागर.

मी म्हनलं, "मावशे, त्यो मागं हसायलाय ना, त्याच्याशी."

तिनं माझ्या मागं बगितलं आन घागर खाली घेत पळाली.

"आरं मुडद्या, हसत न्हाई त्यो. जायलाय."

तव्हा मी वळलो. वळू मान टाकून पडलेला. जीभ हातभर भाईर, मातीनं माखलेली. बरगड्या लपालपा हालायच्या आन मदीच थांबायच्या. हा. हा. म्हातारीनं आर्दी घागर त्याच्या डोक्यावर वतली, वंजळीनं जिभंवर पानी सोडलं. ते त्याच्या तोंडातून भाईर आलं. त्यानं एकदा डोळा फिरवला, काजळाचा, आन तो तसाच राहिला.

म्हातारीनं उरलेलं पानी मला पाजलं. मंग डेऱ्याकडं बगितलं.

"सकाळी तोंडोतोंड भरून गेलते. कुनी सांडला?"

"मला काय ठावं मावशे. वानरं आसतील."

ती माझ्या पायाकडं बगत राहिली. वल्या पायानं मातीतून चाललेलो मी, घोट्यापतूर चिखलाचे पापुद्रे वाळलेले. त्या साली त्या मुलखात चिखल कुठंच नव्हता, फक्त माझ्या पायाला.

उतार तिनंच दावला. हाकंच्या अंतरावर व्हता.

दिवस कलताना मी वेशीत आलो. मला बगितलं तशी हलगी सुरू झाली. बाया आरती घेऊन पुढं आल्या, आन माझ्या मागं कुनी न्हाई. हलगी थांबली.

"बैल कुठं हाय बे?"

मी कासरा वर केला. "बैल मेला. माळावर. उन्हानं."

आन समदं गाव हसलं. पोटं धरून हसलं. आरतीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एकजन माझ्या मागं वाकून बगायला लागला, वळू कुठं दडवलाय म्हून. हलगीवाला तर इतका हसला की त्याला धाप लागली. हा, हा, हा, हा. मला परत गार वाटलं, परत अंगावर काटा. मी म्हनत व्हतो, खरंच मेला, खरंच. तसे ते जास्तच हसत व्हते.

चेरमन तेवढे हसले न्हाईत. ते पुढं आले, माझ्या हातातला कासरा घेतला आन माझ्या पायाकडं बगितलं.

"किस्सा आनलास," म्हनले.

सोसायटीला त्याच साली कुलूप लागलं. चेरमन आता न्हाईत. पर त्या वखताला, त्यांच्या त्या बोलन्यावर मला लगेच एक जवाब सुचला व्हता. लई भारी व्हता. ऐकून ते हसले आसते.

तो मी अजून कुनाला सांगितला न्हाई.