येतो म्हणा

शेगावच्या ज्या जिनात मी कापूस तोलायचो, तिथले आमचे मॅनेजर फार शुभाशुभ पाळायचे. माणसं कमी करा, अशी मालकाची तार आली की ते एकेकाला बोलवायचे, खुर्ची द्यायचे, घरची खुशाली विचारायचे आणि मग काढून टाकायचे. बिचारा ‘जातो साहेब’ म्हणाला की हे कळवळायचे, “जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं!” रडवेल्या माणसाकडून ते वदवून घेतल्याशिवाय त्याला सोडत नसत. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला असलेल्या गंगूबाईला तर त्यांनी तीनदा म्हणायला लावलं.

पुढे मालकाने त्यांनाच नारळ दिला. निघताना सवयीने ते फाटकाशी थबकले आणि म्हणाले, “बरंय, येतो.”

फाटकाबाहेर फुटाणे विकत बसलेल्या गंगूबाईने मान वर केली.

“काऊन येता जी?”