मोजून सात

“किती जण होते तिथं?”

“एक.”

“आयकू नाही आलं. दारापर्यंत गेलं पाह्यजे.”

“एक, मालक.”

“पाहा, म्हणलं होतं ना मी? मापारी हाये थो. मोजण्यात चुकत नाही.”

खुर्च्यांवर बसलेले हसले. मालकाच्या कृषी केंद्रात मला खताच्या पोत्यांजवळ उभं केलं होतं. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. धाकट्या भावाला अग्नी देऊन तीन दिवस झाले होते. माझं वय एकावन्न. घरात सहा माणसं माझ्या भरवशावर. आणि मी शाळेतल्या पोरासारखा पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवत होतो.

खरं असं होतं. सकाळचे साडेसात. भाऊ वांग्याचे कॅरेट घेऊन पांदण रस्त्यानं निघाला होता. ही शेतातली वाट मालकाला नांगरून आपल्या वावरात घ्यायची होती. भावानं तहसीलीत तक्रार केली होती. मी त्याच्या चाळीसेक पावलं मागं होतो. एकानं ट्रॅक्टर आडवा लावला. दोघांनी भावाचे हात धरले. दोघं काठ्या घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून ओरडला. “धरा त्याले. आज सोडाचा नाही.” आणि डोक्यात फावडं घातलं ते मालकाच्या सालदारानं, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यानं.

सात.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. फावडं एकानं मारलं, तू एकाचं नाव सांग. सालदार कबूल होणार. त्याच्या बायकापोरांचं मालक पाहणार. माझा जबाब दुसऱ्या दिवशी होता. मी मान डोलावली.

घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. भावाची बायको भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

“दादा, तुमी एक म्हणले. मंग त्याहीचे हात कोनं धरले होते?”

मी चपला काढल्या. पुन्हा घातल्या. बाहेर जाऊन उभा राहिलो.

जबाब दुपारी होता म्हणून सकाळी अमरावतीला बाजारात कामावर गेलो. सव्वीस वर्षं धान्य मोजतो. आम्ही मापारी मोजणी ‘एक’पासून सुरू करत नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. त्या दिवशी तोंडातून लाभ निघेना. समोर हमालांचं काम चाललेलं. दोघं पोतं धरून उचलायचे, तिसऱ्याच्या पाठीवर ठेवायचे, तो थप्पीकडं चालायचा. पोतं एकाच्या पाठीवर दिसतं. उचलून देणारे दोघं नसले तर ते जमिनीवरून हलत नाही. हे मी हजार वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी पाहवेना. काटा सोडला, ऑटो धरला, ठाण्यात गेलो.

“काका, मारलं तं एकानंच ना?” जबाब घेणारा म्हणाला. “एकाचंच लिवू.”

“सात लिहा,” मी म्हणालो.

सरकारी वकीलबाईंनी नंतर कायदा समजावून सांगितला. पाच किंवा जास्त माणसं एकाच बेकायदा हेतूनं जमली आणि त्या हेतूपायी खून झाला, तर तो त्यातल्या प्रत्येकावर येतो, मारणारा हात कोणाचाही असो. नुसता पाहत उभा राहिलेला त्यात येत नाही.

आठवं नाव मात्र मी दिलं नाही. माझा चुलतभाऊ मागं लागला होता, “मालकाच्या पोराले बी टाक. कोन तपासाले येते?” तो पोरगा त्या सकाळी अकोल्याला होता. नाही टाकला. चुलतभाऊ अजून माझ्याशी बोलत नाही.

सोमवारी साक्ष आहे. मालक जामिनावर सुटलाय, कृषी केंद्र चालू आहे. दोन अडत्यांनी मला बोलावणं बंद केलं. परवा निरोप आला, “अजून बी वेळ हाये. सालदारावर टाकून दे.”

त्यांचा वकील विचारेल, चार दिवस गप्प का होता? सांगेन, भ्यालो होतो. मालकासमोर खोटं बोललो, तेही सांगेन. सालदाराचं नाव घेईन, कारण फावडं त्यानंच मारलं. पण तो एकटा आत जाणार नाही. सातही नावं आडनावासकट घेईन, कोण कुठं उभा होता त्यासकट. पहिलं नाव त्याचं, ज्यानं धुऱ्यावरून हुकूम सोडला आणि माझ्या भावाला बोटही लावलं नाही.