देसाईकाकांचं विमानांचं दुकान

समोरच्या गच्चीवर कुणीतरी लाकडी विमान उडवत होतं. मला देसाईकाका आठवले. आमच्या पेठेत त्यांचं खेळण्यातली विमानं जोडायच्या सामानाचं दुकान होतं. लाल टोपी घालून ते गिऱ्हाइकासमोर विमान उडवत आणि ते कपाटावर अडकलं की स्वतःच टाळ्या वाजवत. लहानपणी मी तिथे तासन्‌तास रमायचे.

पुढे मुलीसाठी मी विमान ऑनलाइन मागवलं. पंख बसेना, म्हणून काकांकडेच नेलं. "भेट आलंय," मी खोटंच सांगितलं. खोक्यावर मागवणारी म्हणून माझंच नाव छापलेलं होतं. काकांनी ते वाचलं, पंख घासून बसवला आणि मुलीला म्हणाले, "पुन्हा अडलं तर ये गं, बाळ."

मुलगी कितीदा म्हणाली, "चल ना!" शरमेपायी मी टाळत राहिले. एके दिवशी गेलो, तर तिथे औषधांचं दुकान होतं.