अण्णांच्या बियरसाठी चार देश

“केमिस्टसाहेब, बियर कुठली चांगली?” केबिनचं दार स्वतः लावून घेत चेअरमन अण्णांनी विचारलं.

माझ्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरलेला होता. सत्तर सालानंतरची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी चीफ केमिस्ट होतो. शुगर बीट, म्हणजे ज्या कंदापासून तिकडे साखर करतात तो, आणि त्याची मशिनरी पाहायला चेअरमन आणि चीफ केमिस्ट यांनी युरोपात जावं, असा ठराव बोर्डाने केला होता. देश निवडायचं काम माझ्याकडे. परकीय चलन बेताचंच मिळायचं, त्यामुळे चारच देश बसत होते.

“अण्णा, ठराव बीटचा आहे.”

“बीट दिवसा बघू. सांजच्याला काय करायचं?”

अण्णांचं दुःख मला कळत होतं. राज्यातली दारूबंदी नुकती कुठे सैल झाली होती. मिळेल ती बाटली नगरपर्यंत येताना उन्हात तापून यायची. एकदा तरी खरी बियर प्यायची, हा अण्णांनी ध्यासच घेतला होता. खरं सांगायचं तर मीही. फर्मेंटेशन, म्हणजे यीस्टकडून साखरेचं अल्कोहोल करून घेणं, हे माझं पोटापाण्याचं काम. पण आमच्या डिस्टिलरीत उसाच्या मळीपासून निघायचं ते स्पिरिट. ते प्यायचं नसतं.

आम्ही नकाशावर वाकलो.

“फ्रान्स?”

“वाईनवाले आहेत.”

“खोडा. पन लंडन पायजे बरं का. तिथं फोटू काढायचाय.”

“तिथली बियर गार नसते, अण्णा.”

“मग फोटू नगरलाच काढू.”

शेवटी पश्चिम जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क आणि झेकोस्लोव्हाकिया उरले. चारही ठिकाणी बीट, चारही ठिकाणी बियर. त्यातले झेक लोक तर साखर कारखान्यांची यंत्रं करण्यात पटाईत आणि लागर, म्हणजे थंड जागी मुरवलेली बियर करण्यातही. बोर्डाने माझ्या तांत्रिक अभ्यासाचं तोंडभरून कौतुक केलं.

गुपचूप निघालो असतो तर बरं झालं असतं. पण अण्णांना निरोपाचा सत्कार हवा होता. मांडव पडला, सगळा तालुका जमला. हार घातल्यावर अण्णांना चेव आला.

“तिकडले लोक लई मेहनती! पान्याऐवजी बियर पित्यात, तरी कारखाना एक दिस बंद न्हाई!”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून अण्णांच्या आई उठल्या. काठी टेकत स्टेजवर आल्या, आपल्या गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि लेकाच्या गळ्यात घातली.

“आता तिकडं पानीच पी, बाबा.”

माळ घातली की दारू आणि मटण बंद. पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. अण्णांचा चेहरा मला बघवेना.

झेकोस्लोव्हाकियात पिल्सेनला मशिनरी पाहून झाल्यावर यजमान आम्हाला ब्रुअरीत घेऊन गेले. सोनेरी बियर, वर बोटभर फेस, काचेला बाहेरून दव. मी हळूच म्हणालो, “अण्णा, इथं कोण ओळखतंय? माळ खिशात ठेवा.”

“म्हातारीचा गळा उघडा हाय तिकडं.” अण्णांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. “तुमी प्या. पन सांगत जावा.”

मला भरून आलं. पण ते पहिल्या घोटापर्यंतच.

“कशी हाय?”

“कडवट.”

“कारल्यावानी?”

“नाही. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात, त्यांचा कडूपणा.”

“म्हंजी मेथी?”

“थोडीफार.”

“आन फेस? दुधाचा की ताकाचा?”

चारही देशांत हेच. एका घोटाला तीन प्रश्न, आणि हॉटेलवर परतल्यावर उजळणी. बियरच्या चवी मी विसरलो, प्रश्न अजून पाठ आहेत.

बीटचा प्रयोग पुढे बारगळला. एवढं मात्र शिकलो की दौरा आखणाऱ्याने देशांइतकंच लक्ष निरोप समारंभाकडे द्यावं. पुढे कुणी युरोपला निघालं की आधी अण्णांना भेटायचं. बेल्जियमची दाट, डेन्मार्कची हलकी, झेकची मेथीसारखी, असं अण्णा अगदी अधिकाराने समजावायचे. बियरची पारख असलेला माणूस म्हणून तालुक्यात अण्णांचं नाव झालं. पिऊन आलेला म्हणून माझं.